लहान दवाखाना: पेशंट परत का येत नाहीत, स्टाफ का टिकत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात आमचा दवाखाना आहे. डॉक्टर आत बसतात, बाहेरचं सगळं मी बघते: काउंटर, हिशेब, माणसं. ओळखीच्या दवाखान्यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. एक डॉक्टर, चार-पाच माणसांचा स्टाफ आणि सकाळ-संध्याकाळची ओपीडी, असा दवाखाना डोळ्यांसमोर आहे. मोठ्या हॉस्पिटलांना यातलं थोडंच लागू पडेल.

पेशंटचं परत येणं आणि स्टाफचं टिकणं हे दोन वेगळे विषय नाहीत का?

पेशंट दवाखान्यात दीड तास असतो, त्यातली सात-आठ मिनिटं डॉक्टरांसमोर. बाकीचा वेळ तो काउंटरवरची मुलगी, सिस्टर आणि मावशी यांच्या हवाली असतो. "डॉक्टरांच्या हाताला गुण आहे" असं लोक म्हणतात. पण त्या हातापर्यंत पोचण्याआधी "बसा तिकडे, नंबर आला की बोलावते" हे कुठल्या सुरात ऐकू आलं, तेही लोकांच्या लक्षात राहतं. उलट बाजूनं बघा. डॉक्टर सांगितलेल्या वेळेला आले नाहीत की त्याचे बोल रोज एकच मुलगी ऐकते. सहा महिन्यांत ती वैतागून नोकरी सोडते. तिच्या जागी येणाऱ्या नवीन मुलीला कोण कुठल्या गावचं, कोणाला ऐकू कमी येतं, कोणाचा मुलगा गेल्या साली वारला, यातलं काहीच माहीत नसतं. मग जुने पेशंट परक्यासारखे वागवले जातात आणि हळूहळू तुटतात. दोन्ही दोर एकाच खुंटीला बांधलेले असतात, आणि ती खुंटी बहुतेक ठिकाणी डॉक्टरांची वेळ हीच असते. हे घरात बोलायला अवघड जातं, पण बोलले आहे.

पेशंट परत आला नाही म्हणजे दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, असंच समजायचं ना?

डॉक्टरांच्या मनात हाच संशय पहिला येतो. आम्ही न आलेल्यांना फोन करायला लागलो तेव्हा कळलं, की दुसरीकडे गेलेले त्यात अगदी थोडे असतात.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे बरं वाटणं. टीबीच्या पेशंटला चार-सहा आठवड्यांत खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढायला लागतं. साधा टीबी असला तरी उपचार सहा महिन्यांचा आहे, हे पहिल्या दिवशी सांगितलेलं तोवर विसरलेलं असतं. बीपीचं तर काहीच दुखत नाही, त्यामुळे गोळी संपली की "आता बरं आहे" म्हणून विषय संपतो.

दुसरं कारण हंगाम. आमच्या बीड-धाराशिवच्या पट्ट्यात सोयाबीनच्या काढणीत कोणी दवाखान्यात येत नाही, आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात त्या उन्हाळा लागताना परततात. अशा बाईला "महिन्यानं या" असं लिहून देणं म्हणजे आपण तिचं काही ऐकलंच नाही असा अर्थ होतो. काउंटरवर एवढंच विचारायचं: "यंदा तोडीला जाणार का?" जाणार असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. म्हणजे ते औषधं त्या हिशेबानं देतात आणि तिथल्या डॉक्टरला दाखवायला चार ओळींचा कागदही लिहून देतात.

तिसरं कारण प्रवासाचं. पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे सत्त्याहत्तर वर्षांच्या आजोबांना आणायला मुलगा आला तर त्याचं पूर्ण तिकीट आणि वर बुडालेला रोज, सून आली तर अर्धं तिकीट. घराघरात हा हिशेब होतो. आठवडी बाजाराच्या दिवशी बोलावलं तर बाजार आणि दवाखाना एका फेरीत होतो. आम्ही पुढची तारीख देताना वार आधी बघतो. आजूबाजूच्या गावांचे बाजाराचे दिवस काउंटरच्या काचेखाली लिहून ठेवलेले आहेत.

आणि पैसे. मागच्या वेळची उधारी राहिली असेल तर माणूस लाजेनं येत नाही. दवाखान्यासमोरून जाताना रस्ता बदलून जातो.

किती जण परत येतात, हे मोजायचं कसं? सॉफ्टवेअर घ्यावं का?

घ्यायचं तर घ्या, पण आधी एक वही करा. सर्दी-खोकल्याचा पेशंट परत आला नाही तर आनंदच आहे, त्याला मोजू नका. वहीत फक्त ज्यांनी यायलाच हवं ते लिहायचे: टीबी, बीपी, शुगर, गरोदर बायका, टाके काढायचे असलेले, लसीची तारीख असलेली बाळं, कुत्रा चावलेले. कुत्रा चावल्यावर स्नायूत देतात त्या लशीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८ असे असतात. तिसऱ्या सुईनंतर लोक गळतात, कारण जखम भरलेली असते. शुगरवाल्यांची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी तीन महिन्यांनीच करायची असते, त्यामुळे ती तारीख लिहायला सोपी जाते.

रोज सकाळी ओपीडीच्या आधी वही उघडायची. काल यायचे होते ते कोण आले नाहीत, त्यांच्या नावापुढे फुली. महिनाअखेर फुल्या मोजायच्या. आमच्याकडे पहिल्या महिन्यात फुल्या इतक्या निघाल्या की डॉक्टरांनी वहीच खोटी ठरवली. पुढच्या महिन्यात गप्प बसले.

आठवण फोननं करावी की व्हॉट्सॲपवर?

लस, टाके, टीबी यांना फोन. बीपी-शुगरवाल्यांना मेसेज चालतो, पण मेसेज वाचणारा बहुधा नातू असतो. ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवत असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो पोचतच नाही. म्हणून केसपेपर काढतानाच पेशंटच्या मोबाइलमध्ये दवाखान्याचा नंबर टाकून द्यायचा.

खरी काळजी वेगळीच घ्यायची असते. फोन कोण उचलेल याचा भरवसा नाही. "टीबीच्या गोळ्या न्यायच्या आहेत" असं सासऱ्यांना सांगून टाकलं तर त्या सुनेचं घरात काय होईल याचा विचार करा. लग्न न झालेल्या मुलीची गरोदरपणाची तपासणी असेल तर विचारायलाच नको. एचआयव्हीबाबत २०१७ च्या कायद्यानं संमतीशिवाय माहिती उघड करायला मनाईच आहे. पण मला वाटतं, प्रत्येक आजाराला तोच न्याय लावावा. आमच्या मुली फोनवर एकच वाक्य बोलतात: "दवाखान्यातून बोलतेय, डॉक्टरांनी तारीख दिली होती, त्यांना सांगाल का?" आजाराचं नाव नाही, तपासणीचं नाव नाही. नोंद करतानाच "कुठल्या नंबरवर फोन केलेला चालेल?" असं विचारून ठेवावं. आणि हे फोन मुलीच्या स्वतःच्या मोबाइलवरून करायला लावू नका. रात्री अकराला तिलाच उलटे फोन येतात, आणि तिनं नोकरी सोडली की पेशंटचे नंबर तिच्यासोबत जातात.

रिपोर्ट नॉर्मल आला तर कळवायचं का?

हो, त्याच दिवशी. "काही असतं तर फोन केला असता" हे उत्तर ज्याच्या पोटात दोन रात्री गोळा आलेला आहे त्याला देऊ नये.

पुन्हा दाखवायला आलेल्याकडून फी घ्यावी का?

घ्या किंवा घेऊ नका, पण काय ते भिंतीवर लिहा. डॉक्टरांनी आपली फी दवाखान्यात लावावी, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीतच आहे. आम्ही त्याखाली आणखी एक ओळ लिहिली आहे: त्याच आजारासाठी सात दिवसांत पुन्हा आल्यास फी नाही. सात दिवस हा आमचा आकडा झाला, तुमचा तुम्ही ठरवा.

फीचे निम्मे वाद रकमेवरून होत नसतात. मुलीनं फी मागितली, पेशंट आत गेला, डॉक्टर म्हणाले "असू दे, असू दे", आणि बाहेर येऊन तो मुलीकडे बघून हसला. डॉक्टर देवमाणूस ठरले आणि ती पैशाला हपापलेली. आठवड्यातून चारदा हे झालं की कुठल्याही माणसाचं मन उतरतं. माफ करायचंच असेल तर डॉक्टरांनी केसपेपरवर खूण करावी आणि सूट काउंटरवरच्या मुलीच्या तोंडून जाहीर होऊ द्यावी: "काका, आज तुमची फी नाही." एवढ्याशा गोष्टीनं तिचा दिवस बदलतो. पुढच्या खेपेला काका तिला नावानं हाक मारतात.

वाट बघायला लागते म्हणून लोक चिडतात. काय करावं?

या एका प्रश्नावर मी तासभर बोलू शकते.

लोक वाट बघायला तयार असतात. किती बघायची हे न कळणं त्यांना सहन होत नाही. खेड्यातून आलेल्याची शेवटची एसटी साडेपाचची असेल तर चार वाजल्यापासून त्याचा जीव टांगणीला लागतो. तो दर दहा मिनिटांनी उठून काउंटरवर येतो आणि मुलगी चिडते. आमच्या मुली आता केसपेपर काढताना गावाचं नाव लिहितात आणि शेजारी शेवटच्या गाडीची वेळ. ज्याची गाडी आधी त्याला थोडं आधी. हे सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं तर कोणी हरकत घेत नाही. "ह्यांची पाचची गाडी आहे" म्हटलं की लोकच सरकून जागा देतात.

हरकत घेतात ती वशिल्याला. सरपंचाचा मेहुणा, डॉक्टरांचा वर्गमित्र, सोसायटीचे चेअरमन. यांना मागच्या दारानं आत घेतलं की बाकीचे चाळीस डोळे काउंटरवरच्या मुलीकडे वळतात. तिला ना नाही म्हणता येत, ना कारण सांगता येत. आम्ही मागचं दार बंद केलं. म्हणजे खरोखर आतून कडी घातली. पहिले पंधरा दिवस डॉक्टरांना फोन आले, मग थांबले. तातडीच्या पेशंटला मात्र कधीच रांग नाही. छातीत दुखणं, धाप, बाळाला झटका, मोठा रक्तस्राव यांची यादी मुलींना पाठ आहे आणि अशा वेळी त्यांनी डॉक्टरांचं दार न विचारता उघडायचं.

एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, यांच्यासाठी वेळ ठरवा. पेशंट तिष्ठत असताना टाय लावलेले तिघे आत जातात, हे दृश्य कोणालाच पटत नाही.

आणि डॉक्टर. दहाची वेळ लिहून पावणेअकराला येत असाल तर पाटीवर पावणेअकरा लिहा. मी घरात हे सांगितलं तेव्हा दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी पाटी बदलली, आणि गंमत म्हणजे त्यानंतर साडेदहालाच येणं सुरू झालं.

पेशंट फाईल मागतो आहे, दुसरीकडे जाणार असं दिसतंय. द्यावी का?

द्यावी, आणि चेहरा वाकडा न करता. ॲडमिट झालेल्या पेशंटची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यायची आणि तीन वर्षं जपून ठेवायची, हे २००२ च्या नियमावलीत लिहिलेलंच आहे. पण कायदा बाजूला ठेवा. पुण्याला दाखवून आलेला माणूस रोजच्या गोळ्यांसाठी आपल्याच गावात येणार असतो. जाताना आपण कसे वागलो यावर तो परतून आपल्या दारात उभा राहतो की समोरच्या, हे ठरतं.

"एक पेशंट आणा, पुढची तपासणी मोफत", अशी योजना चालेल का?

नाही. पेशंट पाठवल्याबद्दल काही देणं-घेणं आणि जाहिरात करून पेशंट ओढणं, दोन्ही २००२ च्या नियमांत बसत नाही. २०२३ मध्ये नवी नियमावली आली होती, ती त्याच महिन्यात स्थगित झाली, त्यामुळे जुनीच लागू आहे. रिक्षावाल्याला पाकीट देणारेही आहेत, मला माहीत आहे.

पगार वाढवला तरी माणसं सोडून जातात. का?

पगार कमी असेल तर आधी तो वाढवा, हे सोडून बाकी सल्ले देण्यात अर्थ नाही. पण पगार ठीक असूनही माणसं जातात तेव्हा पुढच्या गोष्टी बघा.

पगाराची तारीख. सात म्हणजे सात. "डॉक्टर बाहेरगावी गेलेत" हे कारण बचत गटाचा हप्ता भरणाऱ्या बाईच्या कामाचं नाही.

घरची कामं. डॉक्टरांच्या मुलाला शाळेतून आणणं, भाजी निवडणं, पाहुणे आले की चहा. मावशी नाही म्हणत नाहीत, कारण म्हणता येत नाही. मी स्वतः हे केलेलं आहे. एका दिवाळीत फराळाला सिस्टरना बोलावलं, मदतीला म्हणून. त्यांनी चकल्या केल्या आणि पाडव्यानंतर आल्याच नाहीत. घरी गेले तर म्हणाल्या, "ताई, मी नर्सिंग करायला शिकले होते." त्या परत आल्या नाहीत. तेव्हापासून दवाखान्याचा माणूस दवाखान्यातच.

पेशंटसमोर ओरडणं. चूक झाली तर दार लावून बोला. पेशंटसमोर अपमान झाला की तो पेशंटही मनात म्हणतो, उद्या माझ्यावर ओरडतील. दोघंही जातात.

सुट्टी. आठवड्याची सुट्टी ठरलेली हवी, "आज गर्दी कमी आहे, जा" अशी नको. पोळा, गौरी, गावची जत्रा या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच वाटून घ्याव्यात. सगळ्यांना एकदम सुट्टी देता येत नाही, पण कोणाची कधी हे आधी माहीत असलं तर भांडण होत नाही.

उचल. लग्न, आजारपण, शाळेची फी यांसाठी उचल मागितली जाणारच. लिहून द्या, हप्त्यानं कापा, आणि चारचौघांत त्याचा उल्लेख कधीही करू नका.

जास्त पेशंट परत आणले तर स्टाफला इन्सेन्टिव्ह द्यावा का?

आम्ही एकदा करून बघितलं आणि तीन महिन्यांत बंद केलं. मुली गरज नसलेल्यांनाही फोन करायला लागल्या. एक आजोबा आठवड्यात तिसऱ्यांदा आले आणि म्हणाले, "पोरी, माझं काही खरं नाही का?" बोनस दिवाळीला सगळ्यांना द्या. कोणी एखादा टीबीचा सुटलेला पेशंट शोधून आणला तर त्याबद्दल सगळ्यांसमोर नाव घ्या, तेवढं पुरतं. टीबीच्या पेशंटची निक्षयवर, म्हणजे टीबीच्या सरकारी पोर्टलवर, नोंद झालेली आहे ना आणि पोषणाचे महिन्याचे हजार रुपये त्याच्या खात्यात येतायत ना, हेही तीच मुलगी विचारते. पैसे येत नसतील तर पेशंटचं मन उपचारातूनही उठतं.

नातेवाईक स्टाफवर धावून आले तर?

पहिलं, मुलीनं एकटीनं समोर उभं राहायचं नाही. मागच्या खोलीत जायचं आणि डॉक्टरांनी बाहेर यायचं. आमच्याकडे हा नियम उलटा होता, म्हणजे डॉक्टर आत आणि मुली ढाल. दुसरं, तक्रार द्यायची. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे: डॉक्टर, नर्स, पॅरामेडिकल कर्मचारी यांच्यावर हल्ला किंवा दवाखान्याची मोडतोड हा अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. गावात मिटवून टाका म्हणणारे दहा जण येतात. मिटवायचं की नाही हे ज्या मुलीच्या अंगावर हात गेला तिला विचारून ठरवा. तिला न विचारता डॉक्टरांनी चहा पाजून मिटवलं, तर ती राहिली तरी मनानं राहत नाही.

सुई टोचली तर?

जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवायची, पिळायची नाही, आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीपासून बचावाची औषधं जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. ती सरकारी रुग्णालयात मिळतात. कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी आपल्यावरच टाकलेलं आहे. मावशींना हिपॅटायटिसचे तिन्ही डोस झालेत का? ०, १ आणि ६ महिने. सहाव्या महिन्याचा विसरतो. लसीच्या वहीत पेशंटच्या नावांखाली स्टाफची नावंही लिहा.

आमच्याकडे सहाच माणसं. लैंगिक छळाची तक्रार कुठे करायची?

२०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागते. त्याहून कमी असतील तर, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी. समितीचा पत्ता आतल्या खोलीत लावून ठेवा, बायका जिथे डबा खातात तिथे.

गूगलवर कोणीतरी वाईट लिहिलंय. उत्तर द्यावं का?

दोन ओळी. "आपल्याला त्रास झाला याचं वाईट वाटलं, कृपया दवाखान्यात फोन करा." तो कशासाठी आला होता, काय झालं होतं, यातलं एक अक्षरही लिहायचं नाही, तो खोटं बोलत असला तरी. मुलीचं नाव घेऊन लिहिलं असेल तर तिला ते आपण दाखवावं, गावातून कळू देऊ नये.

डॉक्टर आठ दिवस बाहेरगावी जाणार असतील तर?

पंधरा दिवस आधी पाटी लावा आणि वही उघडा. त्या आठवड्यात ज्यांच्या तारखा आहेत त्यांना फोन करून वार बदलून द्या. लसवाले आणि कुत्रा चावलेले यांची तारीख हलत नाही, त्यांना ग्रामीण रुग्णालयात किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे जायला सांगा आणि तसं केसपेपरवर लिहा. एक माणूस काउंटरवर रोज दोन तास बसवा, म्हणजे बंद दार बघून कोणी परत जाणार नाही. बाकीच्यांना पगारी सुट्टी. मावशींना गेल्या वर्षी अशीच सुट्टी मिळाली तेव्हा त्या पंढरपूरला जाऊन आल्या आणि येताना सगळ्या टीबीवाल्यांसाठी चुरमुऱ्याचा प्रसाद घेऊन आल्या. गोळ्या न्यायला येतील तेव्हा द्यायचा, म्हणाल्या.